हातभर अंतरावरची रायफल

सात नंबरच्या मचाणावर माणसं दोन होती आणि रायफल एक. कायद्याला तसंच हवं होतं.

रायफल स्तूरेची. स्तूरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गावच्या शिकारी टोळीतला सगळ्यात जुना गडी. सांबरासारखे थोराड एल्क आजवर किती पाडले हे त्याने मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं. शेजारी मेरहावी. तो मूळचा एरिट्रियाचा, वय त्रेचाळीस, स्वीडनमध्ये येऊन नऊ वर्षं झालेली, कायमच्या वास्तव्याचं कार्ड पाकिटात, शिकारीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. नव्हता तो फक्त बंदुकीचा परवाना. अर्ज करून आठ महिने उलटले होते. स्तूरेने हीच रायफल त्याला द्यायचं कबूल करून विक्रीच्या कागदावर सहीसुद्धा ठोकली होती. पण परवाना हातात पडेपर्यंत ती स्तूरेचीच, स्तूरेच्याच कपाटात. तोवर मेरहावीने ती चालवायची तर मालक शेजारी हवा, हातभर अंतरावर. मालक लघवीला खाली उतरला तर रायफलही त्याच्याबरोबर उतरणार, मग समोर घोड्याएवढा एल्क येऊन उभा राहिला तरी.

हातभर म्हणजे नेमकं किती, असं मेरहावीने परीक्षेआधीच्या वर्गात विचारलं होतं. शिकवणारा म्हणाला, "कोणाचा हात? तुझा की माझा?" वर्ग हसला. मेरहावी हसला नाही. कागदांच्या बाबतीत विनोद त्याला परवडत नसे.

अठराव्या वर्षी त्याच्या देशाने त्याच्या हातात बंदूक दिली होती आणि अकरा वर्षं परत घेतली नव्हती. तिकडे बंदूक नको म्हणणाऱ्याला तुरुंग, इकडे हवी म्हणणाऱ्याला अर्ज. अर्जात एक रकाना होता: शस्त्र हाताळण्याचा पूर्वानुभव. त्याने लिहिलं, अकरा वर्षं. पुढचा रकाना: त्या शस्त्राचा परवाना होता का? त्याने खरं तेच लिहिलं. "नाही. परत करू देत नव्हते." पोलिसांनी त्या एका ओळीवर चार महिने विचार केला असावा.

हा परवाना त्याला का हवा होता, हे सेनाइतलासुद्धा, म्हणजे त्याच्या बायकोलासुद्धा, धड कळलं नव्हतं. त्याला एकदा स्वतःच्या मर्जीने बंदूक उचलायची होती आणि स्वतःच्या मर्जीने कुलपात ठेवायची होती. शिवाय सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, शिकार सुरू होते त्या दिवशी, जो जंगलात नसतो तो या गावात कोणीच नसतो. सात वर्षं त्या सोमवारी मेरहावी म्हाताऱ्यांच्या घरी औषधं द्यायला जात होता. तेच त्याचं काम होतं. आठव्या वर्षी स्तूरेने त्याला दारात अडवून विचारलं, "तुला येतं का रे काही, की नुसत्या गोळ्या वाटतोस?"

"एव्हर्ट," स्तूरे आता मचाणावर हळूच म्हणाला, "कॉफी झाली का आपली?"

मेरहावीने थर्मासशेजारच्या पेल्यांकडे पाहिलं. ते अजून ओले होते. "झाली, अबोय. आत्ताच घेतली."

"मग तोंडाला चव कशी नाही?"

"साखर विसरलात तुम्ही."

"हां. तेच म्हणतोय मी."

अबोय म्हणजे बाबा. गावात लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, पोलिसांनासुद्धा. मेरहावीच्या जिभेला ते जमेना. पांढऱ्या केसांच्या माणसाला तू म्हटलं की त्याला आपल्याच आईची चपराक आठवायची. स्तूरेने सुरुवातीला कुरकुर केली, पुढे टोळीत मिरवायला लागला, "मला एक माणूस तरी मान देतो."

आणि एव्हर्ट म्हणजे स्तूरेचा थोरला भाऊ. त्याला चर्चच्या आवारात पुरून वीस वर्षं झाली होती.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा झालं होतं. मेरहावीने मनात नोंद केली आणि नोंद केल्याबद्दल स्वतःवर चिडला. त्याचं कामच असल्या नोंदी करण्याचं. ऑगस्टमध्ये तो स्तूरेकडे गेला तेव्हा बंदुकीच्या कपाटाची किल्ली पावाच्या डब्यात होती आणि कपाटाचं दार उघडं. "हवा लागायला ठेवलंय," स्तूरे म्हणाला होता. तेव्हाही मेरहावी गप्प बसला. दोन वर्षं स्तूरे डॉक्टरकडे फिरकला नव्हता. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं: डॉक्टरला नुसती शंका आली की तो पोलिसांना कळवतो, आणि पोलीस कपाट रिकामं करून जातात. अळीमिळी गुपचिळी.

आजचाच दिवस जाऊ दे, असं मेरहावीने ठरवलं होतं. आज दुपारी चार वाजता पोलीस खात्यातल्या बाई त्याच्या घरचं कपाट बघायला येणार होत्या. कपाट भिंतीत पक्कं आहे, किल्ली कोणाच्या हाती लागत नाही, एवढं त्यांनी पाहिलं की सही. मग परवाना याच आठवड्यात.

वॉकीटॉकी खरखरला. "सात नंबर, मी इल्वा. ओढा ओलांडलाय. तुस्सेला घेऊन दलदलीच्या दक्षिण काठाने वर येतेय. दक्षिणेला कोणी गोळी झाडायची नाही. ऐकलंस का, बाबा?"

इल्वा स्तूरेची मुलगी. वय सेहेचाळीस, टोळीची प्रमुख, आणि कुत्रा घेऊन जनावर उठवण्याचं काम तिचंच.

"ऐकलं," स्तूरे म्हणाला. "दक्षिणेला गोळी नाही." आवाज अगदी खणखणीत. मेरहावीला हायसं वाटलं.

हा तास स्तूरेचा होता. पुढचा मेरहावीचा ठरला होता. म्हातारा रायफल मांडीवर घेऊन बसला होता. दलदलीवर दहिवर चमकत होतं, बर्चची पानं नुकती पिवळी पडायला लागली होती. दोन मिनिटं गेली असतील. दक्षिणेकडच्या झुडपात फांदी हलली. मग आणखी एक.

स्तूरेने रायफल खांद्याला लावली.

मेरहावीला आधी वाटलं, म्हातारा नुसता दुर्बिणीतून पाहतोय. तसं पाहणंही नियमात बसत नव्हतं, पण जुनी खोडं असतात तशी. मग सेफ्टी सरकल्याचा आवाज आला. बारीकसा आवाज, पण अकरा वर्षं असल्या आवाजांत झोपलेल्या माणसाला तो चुकणार नव्हता.

"अबोय, तिकडे इल्वा आहे."

"मादी आहे," स्तूरे कुजबुजला. "मोठी. पाडस नाही बरोबर."

"ती इल्वा आहे, अबोय. आत्ताच बोलली ना ती तुमच्याशी."

"इल्वा शाळेत गेलीय," स्तूरे शांतपणे म्हणाला आणि त्याने बोट चापावर नेलं.

मेरहावीचा हात पुढे गेला. नळी ढकलावी तर झटक्याने गोळी सुटेल, म्हणून त्याने बोल्टची मूठ धरून वर उचलली. मूठ वर गेली की रायफल उडत नाही. स्तूरेने चाप ओढला होता की नाही हे त्याला पुढेही कधी कळलं नाही. त्याने बोल्ट मागे खेचला, काडतूस फळीवर पडून गडगडत गेलं, आणि कळ दाबून त्याने तो लोखंडी दांडा रायफलीतून अख्खाच बाहेर काढून जाकिटाच्या खिशात टाकला. रायफल आता नुसतं लाकूड आणि नळी.

झुडपं दुभंगली. आधी तुस्सेचं करडं तोंड, मागे केशरी टोपी. इल्वाने मचाणाकडे बघून हात हलवला. "काय रे, झोपलात की काय दोघं?"

मेरहावीनेही हात वर केला. इल्वा कुत्र्यामागोमाग उत्तरेकडे निघून गेली.

स्तूरे बराच वेळ त्या केशरी ठिपक्याकडे पाहत राहिला. मग त्याने मांडीवरची रिकामी रायफल पाहिली, फळीवरचं काडतूस पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सगळं ध्यानात आलं होतं. मेरहावीला वाटलं, न आलेलं बरं होतं.

"मी..." स्तूरे म्हणाला.

"नाही झालं काही."

"मेरहावी." नाव बरोबर घेतलं. "तिला सांगू नकोस."

"अबोय, उद्या..."

"रोज होत नाही रे असं. कधीतरी. ऐक माझं. चार दिवस. तुझा परवाना येऊ दे, ही रायफल तुझ्या नावावर होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना, डोळे गेले माझे, बास आता. माझ्या तोंडाने सांगतो. आत्ता बोललास तर ते माझं सगळं उचलून नेतील. हिच्यासकट. तुझ्या अर्जावर माझीच सही आहे, विसरलास?"

मेरहावी काहीच विसरला नव्हता. विसरण्याचं काम त्या मचाणावर एकाच माणसाकडे होतं. रोज होत नाही असं म्हणणाऱ्या सहा म्हाताऱ्यांच्या घरी तो दर आठवड्याला औषधांचे डबे भरत असे. पण स्तूरेचं बोलणं खोटं नव्हतं. रायफल गेली, सही गेली, तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. आणि गाव काय म्हणेल तेही त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं: बाहेरून आला आणि आमच्या स्तूरेची बंदूक काढून घेतली.

"बोल्ट दे," स्तूरे म्हणाला.

"खाली गेल्यावर."

खाली गेल्यावर धांदल उडाली. तीन नंबरवर तरणा नर पडला होता. सगळ्यांना दोर घेऊन बोलावलं. पाऊण तास ओढाओढ चालली, मग शेकोटी पेटली आणि नऊ माणसं तिच्याभोवती सॉसेज भाजत बसली. रायफली एका ओळीत लाकडी टेकूला लावलेल्या, बोल्ट उघडे, सगळ्यांना दिसतील असे. तीच रीत. स्तूरेने आपली मात्र पिशवीत बांधून गाडीत ठेवली होती. कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्याला कोण विचारणार?

मेरहावीचा उजवा हात खिशात होता. बोल्ट अंगाच्या उबेने गरम झाला होता आणि तेलाने बोटं चिकट. तो इल्वाच्या हातात द्यायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. परवाना गेला खड्ड्यात. तिला बाजूला घ्यायचं, हे हातात ठेवायचं आणि काय झालं ते सांगायचं. पोलीस नाहीत, डॉक्टर नाहीत. घरातली गोष्ट घरात.

"इल्वा, जरा बोलायचं होतं."

"बोल की." तिने सॉसेजचा तुकडा तुस्सेला टाकला. आठ चेहरे त्याच्याकडे वळले. पलीकडून स्तूरे पाहत होता, आणि तसली नजर मेरहावीने आजवर फक्त चौकीवरच्या पहाऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली होती.

"नंतर," मेरहावी म्हणाला.

"पोलीसबाई यायच्यात ना आज त्याच्याकडे," एकजण म्हणाला. "पोटात गोळा आलाय बिचाऱ्याच्या."

"फ्रीजमध्येपण बघतात म्हणे!"

"बघू दे. त्याच्या बायकोचा मसाला नाकात गेला की रडत रडत सही करेल."

सगळे खो खो हसले. इल्वाही हसली. मग तिने खिशातून कागद काढला. "उद्याचं ऐका. तुस्सेला घेऊन मी पुन्हा दक्षिणेकडूनच. मेरहावीची उद्या ड्युटी आहे. तेव्हा बाबा सातवर एकटा."

"एकटाच बरा," स्तूरे म्हणाला. "हा फार बडबड करतो."

पुन्हा हशा. स्तूरेच्या घरच्या कपाटात आणखी तीन रायफली होत्या, तिन्हींचे बोल्ट जागच्या जागी.

तेवढ्यात फोन वाजला. सेनाइत.

"ती आलीय."

"कोण? चारला यायची होती ना?"

"मग तू येऊन सांग तिला तसं. बूट काढून बसलीय माझ्या स्वयंपाकघरात. पहिला कप दिलाय. अजून दोन आहेत. पटकन ये."

त्यांच्याकडे पाहुण्याला कॉफीचे तीन कप. तिसरा न घेता उठणं म्हणजे घराला शाप. कॉफी प्रत्येक वेळी नव्याने उकळायची, आणि ठरवलंच तर सेनाइत ती तासभर उकळू शकत असे.

इल्वा तोवर कुत्र्याला घेऊन पायवाटेने निघाली होती. मेरहावीने हाक मारली. तिने न वळताच हात हलवला. "नंतर! आधी तुझं कपाट!"

तो गाडीत बसला. अर्ध्या वाटेवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. बोल्ट खिशात घेऊन तो पोलिसांच्या समोर निघाला होता.

परीक्षेत बाविसावा प्रश्न तोच होता. सुटा बोल्ट बाळगायला परवाना लागतो का? लागतो. कायद्याच्या नजरेत हा वीतभर दांडा म्हणजे अख्खी रायफल. आणि मालक इथे हातभर सोडा, चार मैलांवर बसून सॉसेज खात होता.

नदीवरच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. उतरला. कठड्याला टेकला. खाली पाणी काळं आणि जोरात. मागेपुढे चिटपाखरू नव्हतं. हात सैल सोडला की संपलं. स्तूरे बोल्ट हरवला म्हणेल. त्याचं काहीही हरवू शकतं हे सगळ्यांना माहीतच आहे. बाई कपाट बघतील, सही करतील. परवाना येईल. पुढच्या सप्टेंबरात तो सात नंबरवर एकटा बसेल, मांडीवर स्वतःची रायफल.

पण उद्या सकाळी सात नंबरवर स्तूरे बसणार होता. नदी एक बोल्ट गिळेल, तीन कसे गिळणार? आणि दक्षिणेच्या काठाने इल्वा येणार होती, आणि तिच्या बापाच्या हिशेबाने ती शाळेत असणार होती.

इल्वाला फोन लावला. तिचा फोन नेहमीसारखा गाडीत पडून वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्याने आपल्या भाषेत एक शिवी हासडली. ती स्तूरेला होती, पोलिसांना होती, की त्या आठ महिन्यांना, कोण जाणे. तो गाडीत बसून घरी गेला.

पोलीस खात्यातल्या बाईंचं नाव उल्रिका. पन्नाशीची, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. ती दुसरा कप संपवत होती आणि सेनाइत काळ्या मातीच्या सुरईतून तिसऱ्याची तयारी करत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तिचा हात थबकला. सोळा वर्षांचा संसार. चेहरा वाचायला तिला चष्मा लागत नसे.

"लवकर आले, सॉरी," उल्रिका म्हणाली. "पुढे अजून दोन घरं आहेत. कपाट बघितलं. छान बसवलंयस. बाकी दोन-चार प्रश्न, की झालं. किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"बायकोला ठाऊक आहे, तू कुठे ठेवतोस?"

"त्याच्या खिशात काय असतं ते मला कधीच कळत नाही," सेनाइत म्हणाली. "नाणी, खिळे, औषधांच्या चिठ्ठ्या. धुवायला टाकताना बघते तेवढंच."

उल्रिका हसली आणि तिने कागदावर खूण केली. "शेवटचं. आत्ता या घरात शस्त्र किंवा शस्त्राचा एखादा भाग आहे?" पेन नाहीच्या चौकटीवर आधीच टेकलं होतं.

जाकीट अजून मेरहावीच्या अंगात होतं. घरात शिरल्यावर ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

पेन उचललं गेलं. त्याने बोल्ट काढला आणि टेबलावर, साखरेच्या वाटीशेजारी ठेवला. सेनाइतच्या तोंडून काहीतरी निसटलं, प्रार्थना असावी.

उल्रिका बोल्टला हात न लावता वाकून बघत राहिली. आवाज बदलला होता. "तुला कळतंय ना, हे खिशात असणं म्हणजे काय ते?"

"कळतंय. परीक्षेत होता हा प्रश्न. मी बरोबर सोडवला होता."

"मग?"

मग त्याने सांगितलं. काडतूस फळीवर गडगडलं ते सांगितलं, पावाच्या डब्यातली किल्ली सांगितली, उद्याचा सात नंबर सांगितला. एकच गोष्ट सांगितली नाही: इल्वा शाळेत गेलीय. ती पोलिसांच्या कागदावर जायची गोष्ट नव्हती.

उल्रिकाने सगळं लिहून घेतलं. "तू मला हे सांगितलं नसतंस तर मी सही करून गेले असते," ती म्हणाली, आणि त्यात ना कौतुक होतं ना राग. "आता मला हे पुढे पाठवावं लागेल. तुझंपण. अर्ज थांबणार. किती, ते माझ्या हातात नाही." मग ती अंगणात जाऊन फोनवर बोलायला लागली.

"तिसरा कप," सेनाइत दारातून म्हणाली. "तिला सांग, तिसरा कप राहिलाय."

उल्रिकाने तो उभ्या उभ्याच प्यायला.

सहाच्या सुमारास इल्वाची गाडी अंगणात करकचून थांबली. ती पायऱ्यांपर्यंत आली, वर चढली नाही. अजून शिकारीच्याच कपड्यांत होती.

"चारही नेल्या," ती म्हणाली. "दोन पोलीस आले आणि चारही घेऊन गेले. बाबा त्यांना कॉफी विचारत होता. नऊ वर्षं आम्ही तुला... आणि तू आधी पोलिसांना सांगतोस? मला नाही? मी तिथे शेकोटीशी बसले होते, मेरहावी! तुझ्यासमोर!"

"तुला फोन केला मी. दोनदा."

"फोन! तोंड नव्हतं तुला?"

तिचं चुकलं नव्हतं. त्याला तोंड होतं आणि आठ माणसांपुढे ते उघडलं नव्हतं. अकरा वर्षं रांगेत उभं राहून शिकलेली गोष्ट एवढीच होती, आणि नेमकी तीच नडली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तिथेच बोलायला हवं होतं."

या उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. तिची तळपायाची आग मस्तकातच अडकली. ती जायला वळली आणि वळता वळता थांबली.

"दक्षिणेला त्याने काय पाहिलं?" तिने विचारलं. "पोलीस म्हणाले, मी तिकडून येत होते. त्याला काय वाटलं, कोण आहे?"

"एल्क. मादी."

"तू सांगितलं नाहीस त्याला, मी आहे म्हणून?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाला तो?"

मेरहावीने सेनाइतकडे पाहिलं. मग इल्वाकडे.

"इल्वा शाळेत गेलीय, म्हणाला."

इल्वा तिथेच खालच्या पायरीवर बसली. डोक्यावरची केशरी टोपी काढून तिने गुडघ्यावर ठेवली. सेनाइत खाली गेली आणि तिच्या शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने इल्वा उठली, निरोप न घेता गाडीत बसली आणि गेली.

शनिवारी मांसाची वाटणी होती. मेरहावी जाणारच नव्हता. सेनाइतने त्याच्या हातात पिशवी कोंबली. "नाही दिलं तर परत ये. पण लपून बसू नकोस."

शेडमध्ये लांब टेबलावर ढिगारे मांडले होते, सगळे डोळ्यांना सारखे. टोळीची पद्धत जुनी: एकाने टेबलाकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगाऱ्यावर बोट ठेवून विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे चांगला वाटा कोणाला गेला यावर भांडण नको. पाठ करून उभा राहायचा मान गेली तीस वर्षं स्तूरेचा. आजही तोच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून. मेरहावी दारातच थांबला. कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. सोमवारी मसाल्यावरून हसलेला माणूस बुटांच्या नाड्या बांधत बसला, त्या आधीच बांधलेल्या होत्या.

"हा कोणाचा?" इल्वाने बोट ठेवलं.

स्तूरेने नाव घेतलं. बरोबर. पुढचंही बरोबर. माणसं येत होती, पिशव्या भरत होती. मेरहावीने मोजलं नाही. शेवटी टेबलावर एकच ढिगारा उरला आणि पिशवी रिकामी असलेला माणूसही एकच.

"हा कोणाचा?"

स्तूरेची मान थोडी खाली गेली. इल्वाने पुन्हा विचारलं नाही, वाट पाहिली.

"एव्हर्टचा," स्तूरे म्हणाला.

इल्वाने सुरी टेबलावर ठेवली. "ऐकलंस ना?" ती दाराकडे न बघता म्हणाली, आणि आवाजात राग अजून होता. "उचल मग."

मेरहावी पुढे आला आणि गार, जड तुकडे पिशवीत भरायला लागला. नावं संपली, तसा स्तूरे वळला. त्याने मेरहावीला पाहिलं आणि ओळखलं. जवळ आला, हातभर अंतरावर, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मेरहावी, ती दक्षिणेकडची... नाही ना पाडली मी?"

"नाही, अबोय. गोळी सुटलीच नाही."

"मग ठीक," स्तूरे म्हणाला आणि त्याने त्याच्या दंडावर थोपटलं.

इल्वाने फडकं घेतलं आणि त्या दोघांकडे पाठ करून टेबल पुसायला लागली.